उलट्या डोंगराची शिदोरी

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. असा कोणता डोंगर आहे, जो आधी उतरायचा आणि मग चढायचा?

हरलात? अहो, उत्तर तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणार!

फार फार वर्षांपूर्वी आकाशातून एक उल्का आली, इथल्या काळ्या कातळावर आदळली आणि भलामोठा खड्डा पडला. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभं राहून खाली पाहिलं, तर सरोवराचं पाणी जवळजवळ १३७ मीटर खाली. पंचेचाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली डोकावावं तसं! सहलीला आलेली मुलं हा उतार हसत-खिदळत उतरतात. खाली दाट झाडी, मोर, वानरं, कमळजा देवीचं देऊळ. बघण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. मग सर म्हणतात, "चला, आता वर!" आणि तेव्हा लक्षात येतं, की डबे केव्हाच फस्त झालेत, बाटल्या रिकाम्या आहेत, ऊन डोक्यावर आलंय आणि समोर उभा चढ आहे.

साध्या डोंगरावर असं होत नाही. तिथे सकाळच्या ताज्या दमात आपण चढतो आणि थकलो की परतीची वाट उताराची असते. लोणारला मात्र सगळं उलटं. जेव्हा अंगात ताकद असते तेव्हा उतार आणि ताकद संपते तेव्हा चढ!

बरं, लोणारच कशाला? बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसलंय. राजूर घाटाने मोताळ्याकडे उतरा, की घरी यायला पुन्हा चढ आहेच. म्हणजे बुलढाण्याच्या मुलांच्या नशिबी हा उलटा डोंगर पाचवीलाच पुजलेला. आणि उलट्या डोंगराचा नियम एकच: सगळी शिदोरी आधीच संपवायची नाही. परतीच्या चढासाठी राखून ठेवायची.

पण शिदोरीत काय न्यायचं? केव्हा खायचं? पाणी किती? चला, आज हेच बघू.

पोटातली टाकी

स्कूटरला पेट्रोल लागतं, तसं आपल्या शरीराला अन्न लागतं हे तर तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण स्कूटरची टाकी एकच असते. आपल्याकडे दोन आहेत.

पहिली टाकी छोटी. भाकरी, पोळी, भात, गूळ, केळं यांतल्या पिठूळ आणि गोड पदार्थांपासून शरीर साखर बनवतं. लागेल तेवढी वापरतं आणि उरलेली स्नायूंमध्ये व यकृतात साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या शरीरातसुद्धा हा साठा जेमतेम अर्धा किलोच्या आसपास असतो. मुलांच्या शरीरात त्याहून कमी. चढावर पाय भराभर हलवायला हेच इंधन लागतं.

दुसरी टाकी मोठी. ती चरबीची. तिच्यात पुष्कळ साठा असतो, पण तिची तोटी बारीक! इंधन हळूहळू येतं. सपाटीवर रमतगमत चालायला ते पुरतं. चढावर मात्र पुरत नाही.

म्हणून काय होतं? पहिली टाकी रिकामी झाली की पाय एकदम शिशाचे होतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, हात थरथरतात, चिडचिड होते. ज्याच्याशी सकाळी गळ्यात गळे घालून निघालो, त्याच्याशीच क्षुल्लक कारणावरून भांडण होतं! मोठी माणसं म्हणतात, "कंटाळला वाटतं." कंटाळला नाही, त्याची टाकी रिकामी झाली आहे. मूठभर गूळ-फुटाणे द्या आणि दहा मिनिटं सावलीत बसवा. बघा, गडी पुन्हा हसायला लागतो की नाही.

इथे आपल्या जिल्ह्यातल्या एका पट्टीच्या चालणाऱ्याची आठवण येते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात वनखात्याने रेडिओ पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेतांमधून, नाल्यांमधून वळणं घेत घेत त्याने तेराशे किलोमीटरहून जास्त चाल केली आणि वर्षाच्या अखेरीला तो पोचला कुठे? बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये असलेल्या आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात!

आता वाघोबाकडे ना डबा, ना पिशवी. पण त्याची गोष्टच वेगळी. मोठी शिकार साधली, तर तो एका बैठकीत तीस किलोपर्यंत मांस खाऊ शकतो आणि पुढे काही दिवस न खाता काढू शकतो. आपल्याला ते जमणार नाही. आपण पडलो थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाणारे प्राणी. सकाळी पोट फुटेस्तोवर पुरी-भाजी हाणली म्हणून संध्याकाळपर्यंत पुरत नाही. उलट गच्च भरलेलं पोट घेऊन चढायला लागलं, की पोटात दुखतं. कारण अन्न पचवायला पोटाला रक्त हवं असतं आणि त्याच वेळी पायांनाही हवं असतं. दोघांची ओढाताण! त्यातून वडे-भजी असली तर विचारूच नका. तेलकट पदार्थ पोटात फार वेळ रेंगाळतात.

भाकरीला हसू नका

शिदोरी कशी असावी? वजनाला हलकी, पोटाला भारी, उन्हात न बिघडणारी, हातात धरून खाता येणारी आणि खिशाला परवडणारी. या पाचही परीक्षा पास होणारे पदार्थ शोधायला दूर जायला नको. स्वयंपाकघरातले डबे उघडा.

ही यादी पाहा. प्रत्येक पदार्थाच्या १०० ग्रॅममधून साधारण किती कॅलरी ऊर्जा मिळते, ते पुढे दिलं आहे.

भाजलेले शेंगदाणे – ५७०
गूळ – ३८०
फुटाणे – ३७०
ज्वारीचं पीठ – ३५०
खजूर – २८०
केळं – ९०
काकडी – १५

चाळीस किलो वजनाच्या मुलाला चढावर चालताना तासाला अंदाजे अडीचशे कॅलरी लागतात. आता गणित करा बरं. पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि पन्नास ग्रॅम गूळ, म्हणजे चांगल्या दोन-तीन मुठी. कॅलरी किती? २८५ अधिक १९०, म्हणजे ४७५. जवळजवळ दोन तासांचा चढ तुमच्या खिशात मावला! त्यात गुळाची साखर लगेच कामाला लागते आणि शेंगदाण्यातलं तेल व प्रथिनं सावकाश. एक ससा, एक कासव. दोघं मिळून शर्यत पार पाडतात.

यादीत काकडी सगळ्यात शेवटी आहे, म्हणून तिला पिशवीतून काढू नका हं! तिची ऊर्जा थोडी, पण ती जवळजवळ सगळी पाणीच आहे. घशाला कोरड पडते तेव्हा तिच्यासारखी मैत्रीण नाही.

आणि भाकरी? वऱ्हाडात भाकरी म्हणजे कळण्याची, ज्वारीची, तव्यावर टम्म फुगलेली. सोबत झुणका किंवा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कापूस वेचायला जाणाऱ्या बायाबापड्या पहाटे हीच शिदोरी फडक्यात बांधून नेतात आणि दिवसभर वाकून काम करतात. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला घरोघर नैवेद्य असतो तोही पिठलं-भाकरीचाच. ज्वारीतल्या पिठूळ पदार्थाने पहिली टाकी भरते, बेसनातल्या प्रथिनांनी थकलेल्या स्नायूंची डागडुजी होते. यापेक्षा चांगला डोंगरी डबा कोणता?

तरीसुद्धा एक गोष्ट सांगायलाच हवी. सहलीला डबे उघडले, की भाकरी आणणारी मुलं कोपऱ्यात जाऊन बसतात. कुणी वेफर्सचं पाकीट फोडतं, कुणी केक काढतं आणि भाकरीवाला आपला डबा अर्धवट उघडा ठेवून, वर झाकण धरून खातो. कुणी हसेल म्हणून! काही जण तर घरून दिलेला डबा तसाच परत नेतात आणि दिवसभर उपाशी चालतात. मग घाटात चक्कर येते ती त्यांनाच.

दोस्तांनो, असं करू नका. २०२३ हे वर्ष भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, आणि सातपुड्यातले आदिवासी पिकवतात ती कुटकी, सावा यांचं वर्ष. साऱ्या जगाने ज्या ज्वारीचं कौतुक केलं, ती तुमच्या डब्यात आहे. मग झाकण कशाला धरायचं? उघडा डबा आणि शेजाऱ्याला म्हणा, "घे, एक घास खाऊन तर बघ." बहुतेक वेळा असं होतं, की केकवाला भाकरीवर तुटून पडतो!

भूक लागायच्या आधी

काय न्यायचं ते कळलं. आता केव्हा खायचं?

निघण्यापूर्वी दोन तास आधी पोटभर न्याहारी करा. पोहे, उपमा, भाकरी-दूध, पोळी-भाजी, घरी असेल ते. उपाशी मात्र निघू नका. रात्रभर झोपेत शरीराने यकृतातला साठा वापरलेला असतो. सकाळी टाकी आधीच अर्धी असते. "मला सकाळी खायची सवय नाही" म्हणणारे दहा वाजता झाडाखाली आडवे दिसतात.

पुढे दर तासाला थोडं थोडं. एखादा लाडू, मूठभर फुटाणे, अर्धी दशमी. भूक लागण्याची वाट पाहायची नाही. कारण चालताना भूक उशिरा कळते आणि कळली तेव्हा टाकीचा तळ लागलेला असतो.

ही युक्ती नवी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आषाढी वारीला पायी पंढरपूरला जाते. सातशे किलोमीटरहून जास्त अंतर, महिनाभराची चाल! त्यात पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसंही असतात. एवढं कसं चालवतं त्यांना? श्रद्धेचं बळ तर आहेच. पण त्याबरोबर शिस्तही आहे. रोजची चाल ठरलेली, विसावे ठरलेले, दुपारचं जेवण ठरलेलं, रात्रीचा मुक्काम ठरलेला. कुणी एका दिवसात पन्नास कोस पळत नाही आणि कुणी उपाशी चालत नाही. डोंगरावर जाताना ही वारकऱ्यांची शिस्त उचला.

आणि घरी परतल्यावर? तासाभराच्या आत नीट जेवा. वरण-भात, खिचडी, दूध, अंडं, उसळ, जे असेल ते. रिकामी टाकी तेव्हा सगळ्यात लवकर भरते आणि दुसऱ्या दिवशी पाय कमी बोंबलतात.

पाण्याच्या काठी तहानलेले

लोणारच्या विवरात उतरलं, की समोर एवढं मोठं सरोवर. पण त्यातला एक घोटही पिता येत नाही! पाणी खारट आणि साबणाच्या पाण्यासारखं क्षारयुक्त. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, असं त्यात नोंदवलंय. ज्या पाण्यातून साबणाचा माल निघतो, ते पिऊन तहान कशी भागणार? २०२० च्या जून महिन्यात तर खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे सगळं सरोवर गुलाबी झालं होतं. बघायला सुंदर, प्यायला नाही!

काठाच्या वर धारेचं गोडं पाणी अखंड वाहतं खरं, पण तिथे लोक स्नान करतात. म्हणून पिण्याचं पाणी घरूनच घ्यायचं. किती? अर्ध्या दिवसाच्या चालीला प्रत्येकी निदान दोन लिटर. "बाप रे, दोन किलो वजन!" म्हणाल. पण ही एकच गोष्ट अशी आहे, जिचं वजन कमी करायचं नाही. शिवाय तुम्ही चालाल तसं ते आपोआप कमी होतच जाणार आहे.

पाणी एकदम घटाघटा पिऊ नका. दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट. तहान लागो न लागो. तहानही भुकेसारखीच उशिरा जागी होते. प्यायलेलं पुरेसं आहे की नाही ते ओळखायची सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय. हसू नका, मोठमोठे गिर्यारोहकसुद्धा हेच बघतात!

आता एक प्रश्न. घाम चाटून पाहिलाय कधी? खारट लागतो ना? म्हणजे घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. म्हणून उन्हात खूप चालायचं असेल तर दोनातली एक बाटली साध्या पाण्याची आणि दुसरी मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताची ठेवा. प्रमाण अगदी सोपं. एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. वर लिंबू पिळा.

मीठ आणि साखर दोन्ही का? यातच गंमत आहे. आपल्या आतड्याच्या आतल्या कातडीला बारीक बारीक दारं असतात. त्यांतल्या काही दारांतून मीठ आणि साखर जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. साखर नसेल तर मीठ दाराशी ताटकळतं.

या छोट्याशा गोष्टीने लाखो जीव वाचवलेत. १९७१ साली बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडू लागलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांना सांगितलं, रोग्याला हे पाजत राहा. त्या छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं! आज औषधाच्या दुकानात जलसंजीवनीचं पाकीट मिळतं, ते याच कल्पनेवर उभं आहे. असं एक पाकीट सहलीच्या पिशवीत असू द्या.

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. खिशातला कांदा काही करत नाही बरं का! तोच कांदा भाकरीबरोबर खाल्लात, तर निदान त्यातलं पाणी तरी पोटात जाईल. डोक्याला मात्र टोपी किंवा उपरणं हवंच.

एव्हरेस्टच्या उंबरठ्यावरचं जेवण

तुम्ही म्हणाल, आमच्या घाटाचं ठीक आहे, पण मोठे गिर्यारोहक काहीतरी खास खात असतील. बघू या.

२८ मे १९५३ ची रात्र. एव्हरेस्टच्या शिखराखाली साडेआठ हजार मीटर उंचीवर एका चिमुकल्या तंबूत दोघं जण होते. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी. सकाळी त्यांना जगातल्या सर्वोच्च शिखरावर चढायचं होतं. त्या रात्री ते काय जेवले? बिस्किटांवर ठेवलेले सार्डिन मासे, डब्यातले जर्दाळू, खजूर, जॅम आणि मध! आणि लिंबाचं साखर घातलेलं गरम सरबत, भरपूर. दुसऱ्या दिवशी शिखरावर पोचल्यावर तेनसिंगने बर्फात छोटा खड्डा करून देवाला नैवेद्य ठेवला, तोही चॉकलेट, बिस्किटं आणि गोळ्यांचा.

यात मेख पाण्याची आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ मध्ये, स्विस गिर्यारोहकांची तुकडी शिखराच्या बरीच जवळ जाऊन परत फिरली होती. तेनसिंग त्यांच्याबरोबरही होता. वर बर्फ वितळवून पाणी करायला स्टोव्ह आणि इंधन लागतं. स्विस तुकडीला वर प्यायला फारच थोडं पाणी मिळालं आणि ते पार गळून गेले. १९५३ च्या मोहिमेबरोबर ग्रिफिथ प्यू नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी हे नेमकं हेरलं. प्रत्येकाने रोज काही लिटर प्यायलंच पाहिजे असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यासाठी स्टोव्ह व इंधनाची जास्तीची सोय केली. प्राणवायूच्या नळकांड्यांइतकंच महत्त्व या सरबताला होतं!

पाहिलंत? खजूर, मध, बिस्किटं, लिंबू सरबत. यातलं काय आपल्याकडे नाही? त्यांच्या जर्दाळूच्या जागी आपला गूळ, सार्डिनच्या जागी आपले शेंगदाणे.

हे घरीच ठेवा

काही पदार्थ चवीला कितीही छान असले, तरी डोंगरावर त्यांचं काम नाही.

आपल्याकडच्या उन्हात दही, ओल्या नारळाची चटणी, रस्साभाजी आणि शिजवलेला भात दुपारपर्यंत बिघडू शकतात. वास न येताही! डोंगरावर पोट बिघडलं, तर सगळी सहलच बिघडते.

वेफर्स आणि कुरकुरीत पाकिटं फुगलेली दिसतात, पण आत निम्मी हवा, आणि बाकी तेल नि मीठ. तहान वाढवतात.

थंड पेयांत साखर फार दाट असते. ती पोटात उतरायला वेळ लागतो आणि मळमळतं. त्यापेक्षा आपलं सरबत बरं.

चॉकलेट एव्हरेस्टवर चालतं, मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात त्याचं पाणी होतं. त्याऐवजी चिक्की न्या. ती वितळत नाही.

ठेचा न्या, पण बोटभर. नाहीतर पाण्याच्या दोन्ही बाटल्या पहिल्या टेकाडालाच संपतील!

करून पाहा

शेंगदाण्याचे लाडू: दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे आणि एक वाटी किसलेला गूळ. दाणे खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर कुटा. गूळ घालून पुन्हा एकदा कुटा. दाण्यांना तेल सुटतं आणि मिश्रण आपोआप चिकट होतं. छोटे लाडू वळा. झालं! दाणे आईने भाजून दिले, की गॅसजवळ जायचं कामच नाही. कुणाला शेंगदाणे सोसत नसतील, अंगावर पित्त उठत असेल, तर त्याच्यासाठी गूळ-फुटाणे वेगळ्या पुडीत बांधा.

गुळाच्या दशम्या: एक वाटी कणीक, एक वाटी ज्वारीचं पीठ, चिमूटभर मीठ, दोन चमचे तूप. अर्धी वाटी गूळ कोमट दुधात विरघळवा. दूध उकळतं नको, गुळाने फाटतं. या दुधात पीठ मळा, लागेल तसं दूध वाढवा. जाडसर लाटून मोठ्या माणसांच्या मदतीने तव्यावर तूप सोडून खमंग भाजा. पूर्वी बैलगाडीने दूरच्या गावी जाताना आजी-पणजी हीच शिदोरी बांधायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफेने ओलसर होतात. उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा.

लोणारच्या सहलीचा बेत

आता सगळं एकत्र आणू. समजा, हिवाळ्यातल्या एका रविवारी तुम्ही लोणारला निघालात. खाली उतरायची वाट आणि वेळ यांबद्दल वनखात्याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या.

सकाळी सहा: घरी पोटभर न्याहारी, ग्लासभर पाणी.
सकाळी आठ: काठावर. एक केळं, चार घोट पाणी, मग उतार.
सकाळी नऊ: खाली. एक लाडू. पाणी थोडं थोडं.
सकाळी दहा: परत फिरण्याआधी सावलीत बसून दशमी, काकडी आणि सरबत. दहा-पंधरा मिनिटं विसावा.
चढताना: मध्ये दोनदा थांबून दोन-दोन घोट पाणी, खिशातले गूळ-शेंगदाणे.
दुपारी बारा: वर पोचल्यावर भाकरी, झुणका, कांदा. आता पोटभर!

लक्षात आलं ना? सगळ्यात मोठं जेवण चढ संपल्यावर, पण चढाआधी टाकी भरलेली. आणि एक बाटली खाली उतरताना उघडायचीच नाही. तिचं नाव "परतीची बाटली". तिच्यावर रंगीत दोरा बांधून ठेवा.

जाताना एक रिकामी पिशवीही घ्या. सगळी पाकिटं, सालं, खरकटं तिच्यात घालून परत आणायचं. वानरांना काही द्यायचं नाही. लोणारचं सरोवर २०२० पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे, म्हणजे जगाने जपायची पाणथळ जागा. तिला आपल्या चिक्कीच्या कागदाची गरज नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलं सहलीला निघाली, की आपण पन्नास रुपये हातावर ठेवतो आणि म्हणतो, "काही घेऊन खा." डोंगरात दुकान नसतं आणि असलं तर तिथे पाकिटंच मिळतात. त्यापेक्षा आदल्या रात्री मुलांनाच शिदोरी बांधायला बसवा. जो लाडू स्वतः वळलेला असतो, तो डब्यात परत येत नाही.

एप्रिल-मेमध्ये घाटाखालच्या भागात पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत मुलांना भर दुपारी डोंगरात पाठवू नका. उन्हात चालताना कुणाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली, तर लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, पाण्याने अंग पुसा, शुद्धीवर असेल तर घोट घोट सरबत द्या. अंग तापलेलं असेल आणि मूल असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओतत, वारा घालत ताबडतोब दवाखाना गाठा. अशा वेळी "थोडं चाल, बरं वाटेल" असं कधीही म्हणू नका. मुलाला मधुमेह, दमा किंवा कशाची ॲलर्जी असेल, तर सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

मग दोस्तांनो, कधी निघताय? लोणार आहे, राजूर घाट आहे, बोथ्याचं जंगल आहे, सातपुड्यात जळगाव जामोदकडचा मैलगड आहे. कुठेही जा, मोठ्या माणसांना बरोबर घेऊन जा आणि निघताना पिशवी तपासा. पाणी, सरबत, लाडू, दशमी, भाकरी, टोपी, रिकामी पिशवी. आणि घरात आजी असेल, तर पिशवी तिला जरूर दाखवा. ती डोकावून म्हणेल, "काऊन रे बापा, एवढ्याशानं काय होते?" आणि वरून आणखी दोन भाकऱ्या ठेवेल. त्या नको म्हणू नका. एखाद्या उपाशी निघालेल्या मित्राच्या कामी येतील!